केयं, फया आणि माझा शेरा

त्या मुलीच्या मूल्यमापन पत्रकावर ‘उच्चारदोष. शाळेसाठी अद्याप तयार नाही’ हा शेरा मी लिहिला होता. तिच्या वर्गाच्या ताईंनी नाही. जळगावातल्या आमच्या कॉलनीत आजही लोक समजतात की ताईंनी दुर्लक्ष केलं म्हणून मुलगी मागे पडली, आणि म्हणून ताईंना काम सोडावं लागलं. हे सगळं खोटं आहे आणि ते खोटं मी दोन वर्षं चालू दिलं. आता सत्त्याहत्तरावं लागलंय. आणखी चालू द्यायचं नाही.

धुळ्याच्या एका प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आणि मुलाकडे जळगावला राहायला आलो. निवृत्त मुख्याध्यापक घरात रिकामा बसला की तो घरच्यांचं शुद्धलेखन तपासू लागतो. मी किराणा सामानाच्या यादीतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारत असे. सुनेनेच कंटाळून मागच्या गल्लीतल्या नर्सरीच्या मॅडमना माझं नाव सुचवलं असावं. एका बंगल्यात खाली पाळणाघर आणि वर नर्सरी ते सीनियर केजी, असा तो कारभार होता. मॅडमनी मला ‘शैक्षणिक सल्लागार’ केलं आणि एका दारावर तशी पाटी लावली. त्या पाटीसमोरून मी दिवसातून उगाच तीन-चार वेळा जात असे. माणूस म्हातारपणी किती थोडक्यात विकला जातो, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्या ठिकाणी शिक्षण किती होतं ते सांगतो. एप्रिलमध्ये, जळगावच्या उन्हात, पाच वर्षांच्या पोरांना काळे झगे आणि चौकोनी टोप्या घालून ‘ग्रॅज्युएशन’ करत. मुलं घामाने निथळत, एखादं ओकत असे आणि आईबाप मोबाईल उंच धरून म्हणत, ‘स्माईल, बेटा, स्माईल.’ भिंतीवर बर्फातल्या घराचं चित्र, बर्फाच्या माणसाचं चित्र. मॅडमना मुलं काय करतात यापेक्षा ती फोटोत कशी दिसतात याची काळजी जास्त होती. रंगात हात बुडवून कागदावर ठसा उमटवायचा असेल, तर ठसा मदतनीस बाई उमटवून घेई आणि मुलाला फक्त कागद धरून उभं करत. ठसा वाकडा आला तर पालक काय म्हणतील?

त्या सगळ्यात खरं शिकवणाऱ्या एकट्या ताई. एरंडोलकडच्या, तिशीच्या आत, बोलायला रोखठोक. त्या घरून डबा भरून मूग, चवळी आणि मटकी एकत्र करून आणत आणि मुलांपुढे ओतत. मुलं चिमटीने दाणे वेगळे करत बसत. पेन्सिल धरायला जी बोटं लागतात ती अशी तयार होतात, हे मी डी.एड.ला शिकलो होतो आणि विसरलो होतो. कधी ताई कापसाची बोंडं आणत. मुलं सरकी काढत, दहा-दहाचे ढीग करत. मॅडम दारात येऊन म्हणत, ‘ताई, हे काय, शेतातलं काम शिकवता का मुलांना? पालक बघतील.’ ताई म्हणत, ‘बघू द्या ना मॅडम. त्यातल्या अर्ध्यांच्या बापांनी हेच केलंय.’

मी मॅडमच्या बाजूने हसत असे.

मार्चमध्ये ‘स्कूल रेडीनेस’ची चाचणी होती. पहिलीत जायला मूल तयार आहे की नाही, ते ठरवायचं. ताईंनी वर्षभराची निरीक्षणं वहीत लिहून ठेवली होती: कोण बूट स्वतः घालतो, कोण गोष्ट शेवटपर्यंत ऐकते, कोण पाळीची वाट बघू शकतो. ती वही कोणी उघडली नाही. मॅडमनी बाहेरून मागवलेली रंगीत कार्डं माझ्यापुढे ठेवली आणि दार ओढून घेऊन म्हणाल्या, ‘सर, एक सांगते. सगळीच मुलं रेडी निघाली तर पालक म्हणतील, टेस्ट कसली घेतली? दोन-तीन तरी “अजून नाही” दाखवा. टेस्टला वजन येतं.’

छत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाने तिथेच उठायला हवं होतं. मी मान डोलावली. इतकंच नाही, तर ‘बरोबर आहे’ असंही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी समोर आली. बाप इथल्या बँकेत, आई नोकरीला, म्हणून मुलगी दिवसभर आजीजवळ. आजी पाचोऱ्याकडच्या खेड्यातली, मुलीला रोज सोडायला-न्यायला तीच येई. मी केळ्याचं कार्ड धरलं.

‘हे काय आहे?’

‘केयं.’

‘नीट बघून सांग.’

तिने नीट बघितलं. ‘दोन केयं.’

चित्रात दोन केळी होती. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

‘हा रंग?’

‘काया.’

‘आणि भिंतीवर ते काय?’

‘फया. पन तो पांढरा शे. काया नही.’

आमच्या वर्गात पांढरा बोर्ड होता. त्याला फळा म्हणावं की नाही हा प्रश्न तिथल्या एकाही मोठ्या माणसाला पडला नव्हता. बर्फाच्या घराचं कार्ड दाखवल्यावर आधीच्या मुलाने पाठ केलेलं ‘इग्लू’ हे इंग्रजी नाव खणखणीत म्हटलं होतं. ‘त्यात कोण राहतं?’ विचारल्यावर तो म्हणाला होता, ‘आय फॉर.’ या मुलीने ते चित्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, ‘भट्टी. पन धूर नही.’

मी शेरा लिहिला.

ताई बाजूलाच होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, ‘आबा, ती चुकली नाही हो. तिच्या घरच्या बोलीत ‘ळ’ नाहीच, त्याचा ‘य’ होतो. सहा महिन्यांत येईल, कान तिखट आहेत तिचे. माझी वही बघा, सगळ्यात पुढे आहे ती.’

‘ताई, उच्चार म्हणजे उच्चार,’ मी म्हणालो.

पालकांना बोलावलं. बाप, आई आणि मागे आजी. मॅडमनी पत्रक पुढे सरकवलं. बापाने वाचलं आणि आधी आजीकडे वळला. ‘बघ आई. तुला किती वेळा सांगितलं, तिच्याशी तसं बोलू नको.’

आजीने माझ्याकडे बघितलं. माझे पांढरे केस बघून तिला मी भरवशाचा वाटलो असेन. ‘भाऊ, काय व्हयनं पोरले? मी बोलस तसंच ती बोलस. मंग मनामाबी दोष शे का?’

मी काय बोललो ते शब्दशः आठवतं. ‘अक्का, घरी तिच्याशी शुद्ध बोलत जा. जमत नसेल तर कमी बोला.’

ती म्हणाली, ‘मंग कमीच बोलस.’

आईने विचारलं, ‘पण ही टेस्ट घेतली कोणी?’ मॅडम क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, ‘क्लास टीचरच घेतात. सर फक्त मार्गदर्शन करतात.’ पत्रकावर सही कोणाचीच नव्हती, नुसतं ‘मूल्यमापक’ छापलेलं होतं. कोपऱ्यात उभ्या असलेल्या ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसू लागलो. काचा स्वच्छ होत्या. मी पुसत राहिलो.

बापाने ताईंना जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. चार लोकांत त्याची चर्चा झाली, एप्रिलच्या समारंभानंतर ताईंना ‘आता येऊ नका’ म्हणून कळवण्यात आलं. मुलगी पुन्हा सीनियर केजीत बसली. तिच्या बरोबरीची, ‘आय फॉर’ म्हणणारी, सगळी पहिलीत गेली. मी त्या जूनमध्ये प्रकृतीचं कारण सांगून सल्लागारपण सोडलं. कारणही खोटंच होतं, प्रकृती ठणठणीत होती.

त्या हिवाळ्यात एकदा कॉलनीच्या बागेत ती आजी-नात दिसली. मुलगी झोक्यावरून उतरताना पडली, धावत आजीकडे आली आणि म्हणाली, ‘मोठी माळ, माझा पाळ दुखतो.’

मला आधी कळलंच नाही. आमच्याकडे आजीला मोठी माय म्हणतात. मोठी माय, पाय. आजीने तिचा पाय मांडीवर घेतला, फुंकर घातली, पण तोंडातून शब्द काढला नाही. मी जवळ जाऊन विचारलं, ‘काय झालं गं?’ मुलगी थबकली. ओठ हलले, थांबले, परत हलले. मला दिसत होतं, ती प्रत्येक शब्द बाहेर सोडण्याआधी तपासत होती. मग म्हणाली, ‘काळ नाही झालं.’

‘य’ दिसला की ती तिथे ‘ळ’ घालत होती. आपण चुकतो एवढंच तिला सांगितलं गेलं होतं, कुठे चुकतो ते कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून ती जिथे तिथे दुरुस्ती करत होती. बागेतल्या दोघी-तिघी हसल्या. मी हसलो नाही, कारण ही चूक मला चांगली ओळखीची होती.

डी.एड.च्या पहिल्या सराव पाठाला मी धुळ्याच्या एका वर्गासमोर उभा राहून छातीठोकपणे म्हणालो होतो, ‘गाळ गवत खाते. गाळ दूध देते.’ खेड्यातून आलेलो, घरी सगळा ‘य’च. रात्रंदिवस ‘ळ’ घोटून आलो होतो आणि गाईला गाळ करून बसलो. पाठ तपासणारे गुरुजी रुमालात तोंड धरून हसले. दोन वर्षं मला सगळे ‘गाळ’ म्हणून हाक मारत. त्यानंतर मी जीभ अशी घासली की माझं गाव कोणालाही ओळखू येऊ नये. आणि मग पुढची छत्तीस वर्षं मी वर्गावर्गातून पोरं ‘फया’ म्हणाली की उभी करत आलो. मी कधी उच्चार तपासलेच नाहीत. कोणाचं गाव जिभेवर राहिलंय ते हुडकत होतो, आणि सापडलं की त्याला दोष म्हणत होतो. त्या बंगल्यातल्या मॅडमना निदान खरंच काही कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं.

एवढं उमगूनही मी वर्ष घालवलं. मग ताईंना फोन केला. त्या आता एरंडोलकडे एका अंगणवाडीत आहेत. मी अडखळत माफी मागितली. पलीकडे मुलांचा गलका चालला होता.

‘आबा,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही त्या दिवशी बोलणार नाही हे मला कळलंच होतं. किती वेळ पुसत होतात तो चष्मा!’

‘मी मॅडमकडे जाऊन सांगतो.’

‘मॅडमला सांगून काय करता? मी आहे इथे मजेत, मटकी निवडतेय पोरांबरोबर. त्या म्हातारीला सांगा. तिची नात तिच्याच घरात असून तिला बोलायची चोरी झालीय. जमेल का तेवढं?’

‘जमेल.’

‘बघा बुवा,’ ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. मुलगी आता पहिलीत होती, टीपॉयवर वर्कशीट भरत बसली होती. अक्का स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत होत्या. मी बसलो नाही. उभ्यानेच बापाला सगळं सांगितलं. शेरा माझा, ताईंचा संबंध नाही, मुलीत दोष नव्हता, दोन-तीन मुलं मागे दाखवायची होती आणि मी तिला निवडलं.

तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो खुर्ची पुढे करत म्हणाला, ‘अहो सर, जाऊ द्या. झालं ते चांगल्यासाठीच झालं. आता बघा तिचा उच्चार कसा क्लिअर आहे. खरं तर तुमचेच आभार मानायला हवेत.’

असल्या आभारांसाठी मी आयुष्य घालवलं होतं.

मी अक्कांकडे वळलो. पन्नास वर्षांत ती बोली तोंडात घेतली नव्हती, दगड चघळावा तशी लागली. ‘अक्का, पोरमा काही दोष नव्हता. मनाच दोष शे. तुम्ही बोला तिनासंगे. बठ्ठं बोला.’ दोष माझाच आणि त्यांनी तिच्याशी सगळं बोलावं, एवढंच मला सांगायचं होतं.

अक्कांचा हात थांबला. ‘भाऊ, कोनता गावना तुम्ही?’

‘धुयाकडला.’

‘धुळ्याकडचा म्हणायचं,’ मुलगी वर्कशीटमधून मान वर न काढता म्हणाली. ‘सर, तुमचा उच्चार चुकला.’

बाप कौतुकाने हसला. ‘बघा!’

अक्का हसल्या नाहीत. मेथीची जुडी खाली ठेवून म्हणाल्या, ‘नही वं माय. तेस्नं बराबर शे.’

मुलीने आता मान वर केली. आधी बापाकडे बघितलं, कोणाचं खरं ते विचारल्यासारखं. बाप म्हणाला, ‘आई, तिला पूर्ण करू दे ते. मध्येच गोंधळवू नको.’

‘जाय वं,’ अक्का नातीलाच म्हणाल्या, ‘सरसले पानी आन. पेला पुसीसन आन.’

मुलगी पेन्सिल हातात धरून तशीच बसली होती. मग उठली आणि आत गेली. प्रत्येक शब्द कळला होता तिला. बाप परत म्हणाला, ‘आई...’ पण अक्का बोलतच होत्या. माठातलं घे, ओगराळ्यानं घे, हात घालू नको, सांडलंस तर फडकं तिथे आहे. पाण्याच्या एका पेल्याला इतक्या सूचना लागत नाहीत. मी भिंतीला टेकून ऐकत उभा राहिलो.