बांधलेलं कलम

घरापासून इतक्या लांब, या नर्सरीत आपला निभाव लागेल का, ही धास्ती काही जात नाही. आज दमून बसल्याबसल्या मी कालच्या आंब्याच्या कलमाची पट्टी सोडून बघायला गेले, तर मालकीणबाई ओरडल्या, "अगं, काय करतेस? आत सालीखालचा ओला पापुद्रा पापुद्र्याला जुळतोय. उघडलंस की मेलं!"

मग त्यांनीच पट्टी पुन्हा आवळली, वर मला चहा दिला. सातवीत शाळा सुटलेल्या मला हे एरवी कोण सांगणार होतं? खालचं रोप इथलं, वरची काडी कुठल्या गावची. तरी कुणी बघत नसताना एकमेकांचं पाणी ओळखीचं करून घेतात.

संध्याकाळी आईचा फोन आला. "रुळलीस का गं तिथं?"

"आई, एवढ्यात नको विचारूस," मी म्हटलं.