बिल वाचून दाखवणारे रशीदभाई

रशीदभाई साठ वर्षांचे झाले म्हणून गौरव समितीने माझ्याकडे चार शब्द मागितले. दिवसभराची ओपीडी आटोपून लिहायला बसले आहे. शब्दांत फारसे तेज नसेल, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमची पहिली भेट दिग्रसच्या माझ्या वीस खाटांच्या रुग्णालयात झाली. तेव्हा ते कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होते आणि मी बिलांसाठी माणूस शोधत होते. खाटा भरलेल्या असूनही आमच्या नर्सेसचे पगार दर महिन्याला लांबत. स्वतःच्या पगाराचे बोलणे होण्याआधीच त्यांनी बिलांचा गठ्ठा चाळला आणि विचारले, "मॅडम, हरेक कागदावर 'ओळखीचे' काहून लिहेल आहे?"

"माझ्या ओळखीचे आहेत म्हणून."

"दिग्रसात तुमच्या ओळखीचं नाही असं कोन आहे?"

खरेच होते. कोणाचा तरी फोन यायचा, 'आपलाच माणूस आहे, पाहून घ्या', की मी केसपेपरवर तो शब्द लिहून मोकळी होई आणि बिल अर्ध्यावर येई. भिडेपोटी रुग्णालय बुडायला आले होते. रशीदभाईंनी रुजू होताच ती सवय मोडली. सवलत मिळेल, पण घरची परिस्थिती विचारून आणि काउंटरवरच, डॉक्टरांच्या पेनाने नाही. भरती करतानाच खर्चाचा अंदाज सांगायचा आणि सुट्टी देताना नातेवाइकांना समोर बसवून बिल ओळीओळीने वाचून दाखवायचे, हा त्यांचा शिरस्ता. लोक चिडले. माझी मावसबहीण वर्षभर माझ्याशी बोलली नाही. महागावहून आलेल्या एका मजूर बाईंचे बिल मात्र त्यांनी नुसत्या औषधांपुरते ठेवले होते. महिनाअखेरीस जमाखर्च पाहताना ते मला कळले.

एकदा सरकारी योजनेच्या चौदा फायली परत आल्या. दोष माझाच होता, शस्त्रक्रियेच्या नोंदीत मी वेळच लिहिली नव्हती. पगाराची तारीख तोंडावर आली होती. वैतागून मी म्हटले, "रशीदभाई, अंदाजाने वेळा टाका, मी सही करते."

"अंदाजानं नाही टाकत मी," ते म्हणाले. "आज चौदा पास होतीन, पन उद्या कोनी तपासलं तर आपल्या साऱ्याच फायली खोट्या ठरतीन."

ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरशी त्यांनी एकेक फाइल ताडून पाहिली. अकरा जुळल्या, तीन त्यांनी सोडून दिल्या. त्या तीन फायलींचे पैसे बुडाले ते बुडालेच. त्या महिन्यात नर्सेसचे पगार आधी झाले आणि स्वतःचा त्यांनी सर्वांत शेवटी घेतला. मला त्यांचा फार राग आला होता, हे कबूल करते. पुढे मात्र मी नोंदी नीट लिहू लागले, फायली परत येणे हळूहळू थांबले आणि पगार वेळेवर होऊ लागले.

आता जे लिहायला जड जाते ते लिहिते. दोन वर्षांपासून रशीदभाई निवृत्ती मागत आहेत. त्यांचे डोळे दुखतात, संगणकापुढे मान अवघडते. दोन्ही वेळा मी 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणून टोलवले. हा सत्कारही मीच पुढे रेटला. हार घातला की माणूस भिडेने वर्षभर तरी थांबतो, असा माझा कावा होता.

गेल्या आठवड्यात चहा पिताना मी पुन्हा म्हटले, "तुम्ही गेलात तर दवाखाना बुडेल."

ते हसले, पण थकून. "मॅडम, बुडत असन तर मंग मी इतकी वर्सं केलं काय? काउंटरवरच्या सुनीताले सारं शिकवलं. फक्त तुमी तिच्या मधात बोलू नका. मले आता घरी जाऊ द्या."

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट.

मी थकले आहे आणि मला भीतीही वाटते. पण माझ्या भीतीपायी त्यांना राबवून घ्यायचे, हे आता पुरे. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून काउंटर सुनीताबाई सांभाळतील, हे मी सर्वांसमक्ष लिहून देते.

रशीदभाई, आपणांस उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, डोळ्यांना आराम मिळो, दुपारची निवांत झोप मिळो. आणि सवयीने मी फोन केलाच, तर कृपा करून येऊ नका.