आमच्यात कॉट हाय

मी इंग्लंडात लीड्सला निघाले त्या सकाळी आण्णा, म्हणजे माझे वडील, नेसरीच्या घरासमोर खाटेची सुतळी ओढून आवळत बसले होते. बॅगा गाडीत चढल्या तरी उठेनात. शेवटी मीच पाया पडायला वाकले, तर म्हणाले, "जा. आल्यावर पाठ टेकाय ही हाय की." मला रडू आलं आणि रागही आला. निघताना तरी माणसानं लेकीकडं बघावं.

त्याआधी दोन वर्षं मी कागलला सासरी होते. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ठसक्यात सांगितलं होतं, "आमच्यात खाट न्हाय, कॉट हाय." लोखंडी, वर गादी. खाट गावंढळ आणि कॉट सुधारलेली, हे मीही मुकाट मान्य केलं. नवऱ्याला लीड्सला नोकरी लागली तेव्हा तीच समजूत सोबत नेली.

तिथं माझे दिवस भरत आले तेव्हा आण्णा आले. घरी तपासायला आलेल्या नर्सनं विचारलं, कॉट घेतली का? मी म्हटलं, घेतली की, माझे वडील झोपतात तिच्यावर. बाई हसून हसून लाल झाली. तिकडं कॉट म्हणजे तान्ह्या बाळाचा गजांचा पलंग, हे मला कुणी सांगितलं होतं? नवऱ्यानं तो किस्सा ओळखीच्या प्रत्येक घरात रंगवून सांगितला. पुढं कित्येक महिने मी दुकानातसुद्धा बोट दाखवून वस्तू घेतल्या. लाज वाटायची, खोटं कशाला सांगू.

मग एकदा वाचनालयात जाडजूड शब्दकोशात तो शब्द काढला. मूळ: हिंदी, खाट. मराठीचं नाव नाही, तेवढं पोटात घातलं. म्हणजे साहेबानं आपलीच खाट उचलली, तिची कॉट केली, आणि आपण ती मिरवत खाटेलाच नाक मुरडलं. लगेच सासूबाईंना फोन लावला. "असंल," त्या म्हणाल्या, "पण आमची लोखंडी हाय."

आता लेक अडीच वर्षांची आहे. परवा पाळणाघरातल्या बाई म्हणाल्या, ती कॉटला खाट म्हणते, घरी जरा उच्चार सुधारून घ्या. पूर्वी लगेच सॉरी म्हणून मोकळी झाले असते. या वेळी म्हटलं, ती बरोबर बोलते. शब्द तुमच्याकडं येऊन बिघडलाय, सुधारायचा तर तुम्ही सुधारा. ऐकून नवऱ्यानं कपाळाला हात लावला. लावू दे.

गावाकडच्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही सगळं सोडून आलो. इथल्यांना वाटतं, रिकाम्या हातानं आलो. दोन्ही खोटं. माझी खाट माझ्या कितीतरी आधी इथं येऊन बसली होती. जिथं माझी लेक खाटेला खाट म्हणते आणि कुणी तिला सुधारत नाही, ते माझं घर. ते नेसरीत आहे आणि लीड्सलाही आहे.

आण्णांना फोनवर सगळं सांगितलं.

"त्या बाईंस्नी सांग," म्हणाले, "वापरा म्हणावं बिनघोर. ढिली झाली तर आवळून देतो की."