चोराचा डेमो

सकाळचे अकरा वाजले होते. भर दुकानात गार्डने माझं मनगट धरलं. ओढणीखालून शाम्पूची बाटली काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. गिऱ्हाईकं थांबली. एका बाईने आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलं. तेवढ्यात मॅनेजर साहेब टाळ्या वाजवत आले.

"शाब्बास. बघा, असा चेहरा ओळखायचा."

शाब्बासकी गार्डला होती. चेहरा माझा होता.

मी चोर नव्हते. रिटेल मॅनेजमेंट शिकत होते, शेवटचं वर्ष. आमच्या कॉलेजचा नियम असा की वर्षभर एखाद्या मोठ्या दुकानात ट्रेनी म्हणून काम करायचं. वर्ष संपत आलं की मॅनेजरने सही करून प्रमाणपत्र द्यायचं. ते नाही तर डिग्री नाही. मला नागपुरात वर्धा रोडवरचं तीन मजली दुकान मिळालं. कन्हानहून दोन बस बदलून मी रोज तिथे जायचे.

पहिल्या दिवशी साहेबांनी आम्हा चौघांना आडनावं विचारली. आडनाव तोंडात घोळवायचं नाही, स्पष्ट सांगायचं, हे बाबांनी लहानपणापासून शिकवलेलं. मी स्पष्ट सांगितलं. साहेब म्हणाले, "अच्छा." बाकी तिघांना त्यांनी कॉलनी विचारली, वडील काय करतात ते विचारलं, एकाचे मामा त्यांच्या ओळखीचे निघाले. मला फक्त अच्छा. त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही असं मी म्हणणार नाही. कळला होता. पण मला डिग्री पाहिजे होती.

दुकानात एक पद्धत होती. एजन्सीचे गार्ड सारखे बदलायचे, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी नव्यांना शिकवायला चोराचा डेमो व्हायचा. एका ट्रेनीने युनिफॉर्म काढून घरच्या कपड्यांत गिऱ्हाईक म्हणून यायचं, काहीतरी लपवायचं आणि दरवाजाकडे निघायचं. गार्डने पकडायचं. पहिल्याच महिन्यात साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. मी आईने शिवलेला नवा कुर्ता घालून आले. साहेबांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हा नको. रोज बसमधून येतेस ना, तो घाल."

दुसऱ्या महिन्यात पुन्हा मीच. तिसऱ्यातही मीच. "तुझी ॲक्टिंग छान आहे," असं म्हणायचे.

आता लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मी ते मन लावून केलं. चांगलं केलं तर साहेब एखादा सेक्शन सांभाळायला देतील असं वाटायचं. माल कुठे कुठे लपवता येतो याची एक यादीसुद्धा मी त्यांना स्वतःच्या अक्षरात लिहून दिली. त्यांनी ती गार्डच्या खोलीत भिंतीवर लावली. खाली माझं नाव होतं.

मग हळूहळू सुरू झालं. मी जेवायला बसले की कॉस्मेटिकवाली आपली पर्स मांडीवर घ्यायची. संध्याकाळी बाकीचे ट्रेनी हात हलवून स्टाफच्या दारातून निघून जायचे. माझी बॅग उघडली जायची. एकदा गार्डने डब्यातली उरलेली भाजी चमच्याने हलवून पाहिली. दुकानात हात दोन्ही बाजूंना मोकळे, दिसतील असे धरून चालायची सवय लागली. एकदा कन्हानच्या किराणा दुकानात तशीच उभी होते. तिथले काका मला फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून ओळखतात.

"काहून वं, हात असे धरून काहून उभी हायेस?" त्यांनी विचारलं.

मी साबण घेतला आणि घरी आले.

आठव्या महिन्यात खरोखरच एक घड्याळ गायब झालं. त्या दिवशी मंगळवार नव्हता. डेमो नव्हता. मी युनिफॉर्ममध्ये वरच्या मजल्यावर परत आलेल्या कपड्यांची नोंद करत होते. दोन गार्ड सरळ माझ्याकडे आले. त्यांना कोणी पाठवलं नव्हतं. मला ट्रायल रूममध्ये नेलं. गार्डबाईने झडती घेतली. वेणी उचलून पाहिली, मोजे काढायला लावले.

"माफ कर वं पोरी," ती हळूच म्हणाली. "मले तुयाच चेहरा शिकवला ना."

आरशात मी मोज्यांशिवाय उभी होते. आणि एक क्षण, खरं सांगते, मला वाटलं की घड्याळ माझ्याचजवळ निघेल. इतके महिने निघतच होतं ना काहीतरी. त्या क्षणाची मला अजून भीती वाटते.

घड्याळ काउंटरच्या खणात सापडलं. नवा सेल टाकायला म्हणून कोणीतरी तिथे ठेवलं होतं. माझी कोणी माफी मागितली नाही. साहेब म्हणाले, "मनावर घेऊ नको. उलट बघ, ट्रेनिंग किती पक्कं झालंय."

घरी ताट समोर तसंच राहिलं. आई म्हणाली, "जेवून नाही राहिली तं काय झालं सांग ना." मी म्हटलं, डोकं दुखतं. खोटं बोलले. दुखत नव्हतं, पेटलं होतं.

अकराव्या महिन्यात ट्रेनींची नवी तुकडी आली. तीन मुली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझं प्रमाणपत्र होतं. नाव छापलेलं, सहीची जागा रिकामी.

"आता तू सीनियर. उद्याचा चोर तू निवड. डेमो झाला की सही करतो."

तिघी दाराशी रांगेत उभ्या होत्या. दोघी शहरातल्या. तिसरी सावनेरची. तेल लावून घट्ट बांधलेले केस, दोन्ही खांद्यांवर पिन लावलेली ओढणी, फाइल छातीशी धरलेली. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी काही ठरवलंही नव्हतं. पण माझे डोळे थेट तिच्यावर गेले.

तिच्या ते लक्षात आलं. तिने मान खाली घातली.

अकरा महिने साहेब गार्डना शिकवत होते, आणि शिकले होते मीही.

"सर," मी म्हटलं, "उद्या चोर तुम्ही व्हा."

"काय?"

"घरच्या कपड्यांत या. मी गार्डना सांगते, हा चेहरा लक्षात ठेवा."

साहेब हसले. मग हसायचे थांबले.

"तुला डिग्री नकोय का?"

"पाहिजे. पण कोणाला चोर करून नाही."

त्यांनी कागद खणात टाकला आणि खण बंद केला. "जा मग."

गार्डच्या खोलीतून मी माझी यादी भिंतीवरून काढली. फाडली. स्टाफच्या दारात गार्डने सवयीने बॅगेकडे हात केला. मी बॅग घट्ट धरली. म्हटलं, आधी सगळ्यांच्या उघडा, साहेबांची उघडा, मग माझी. त्याने हात मागे घेतला.

सावनेरची मुलगी मागून धावत आली. "ताई, मले काय करा लागत होतं?"

"चोर," मी म्हटलं. "कोणी म्हटलं तरी नाही म्हणजो."

ती आत निघून गेली. तिलाही डिग्री पाहिजे आहे.

कॉलेजमधले सर म्हणतात, माफी माग, सही घेऊन ये, कॉलेजला द्यायच्या ट्रेनिंगच्या रिपोर्टमधली डेमोची पानं काढून टाक. मी माफी मागणार नाही. पानं काढणार नाही. त्यात सगळं आहे. कितीदा चोर केलं, कोणते कपडे घालायला लावले, ट्रायल रूममध्ये काय झालं. यादी मी लिहिली, तेही आहे. तोंडी परीक्षेत मी ते उभी राहून वाचणार आहे. वर्ष गेलं तर जाईल.

दुसऱ्या दिवशीचा तो डेमो साहेबांनी पुढच्या महिन्यावर ढकलला. चोर कोण, ते मला ठाऊक आहे. त्या मंगळवारी अकरा वाजता मीही दुकानात असेन. पुढच्या दरवाजाने जाईन, बसमधल्या त्याच कपड्यांत. सावनेरची मुलगी दिसली की तिचा हात हातात घेऊन शेजारी उभी राहीन. गार्डला दोघींचे हात धरावे लागतील. आणि का धरले, ते साहेबांना सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांगावं लागेल. ते सांगेपर्यंत मी तिथून हलणार नाही.