टिटवीचा कोपरा

गंगापूर धरणाकडच्या आमच्या बंगल्यांच्या वसाहतीत माणसं दिसतात ती मे महिन्यात. एरवी दारांना कुलपं. त्या महिन्यात दर शनिवार-रविवार काहीतरी कार्यक्रम हवेत असं कमिटीने ठरवलं, आणि निवृत्त शिक्षिका म्हणून ते लोढणं माझ्या गळ्यात आलं. त्याला सात उन्हाळे झाले. गायक शोधा, खुर्च्या मागवा, माइकवाल्याच्या मिनतवाऱ्या करा. संध्याकाळच्या गाण्यांना गर्दी होते, कारण नंतर जेवण असतं. सकाळच्या निसर्गफेरीला मी आणि एक आजोबा. गेल्या वर्षी तेही फिरकले नाहीत.

"यंदा शेवटचं," मी नवऱ्याला सांगून टाकलं.

"दरवर्षी हेच म्हणतेस," तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला. मी खरंच थकले होते.

मग मैदानाच्या कोपऱ्यात, उघड्यावर, खड्यांमध्ये टिटवीने चार अंडी घातली. उन्हं तापली की ती धरणावर जाऊन पोट भिजवायची आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर येऊन बसायची. ते बघून माझा अर्धा शीण गेला. रविवारी सकाळी सगळ्यांना टिटवी दाखवते, असं मी वसाहतीच्या ग्रुपवर लिहिलं. तेवीस जणांनी येतो म्हणून कळवलं. सात वर्षांत पहिल्यांदाच!

आदल्या दिवशी त्याच मैदानावर नाट्यगीतं होती. दुपारी तबलजी द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेला, जेवणवाला निफाडहून निघालेलाच नाही. मी फोनवर ओरडत असताना बागकामाच्या मावशी दारात आल्या. "बाई, मैदान झाडून घेते. त्यो कोपरा बी घ्यायचा का?"

"हो हो, सगळं घ्या," मी फोन कानाला तसाच ठेवून म्हटलं.

रविवारी पहाटे जाऊन बघते तर कोपरा लख्ख झाडलेला. एकही अंडं उरलं नव्हतं.

"म्या इचारलं व्हतं ना, बाई," मावशी हळूच म्हणाल्या. त्यांचं काय चुकलं? चूक माझीच होती.

साडेसहाला तेवीसच्या तेवीस जण आले. टिटवी त्या झाडलेल्या जागेवर पंख पसरून बसली होती. फोटो निघाले. "अंडी खालीच असणार, उठवू नका रे," कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. कमिटीचे अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मॅडम, पुढच्या वर्षीही तुम्हीच हं!"

गप्प बसले असते तर निभावून गेलं असतं. पण मला ते जमेना. "खाली काही नाही," मी म्हटलं. "काल मीच सगळं झाडायला सांगितलं."

फोटो काढणारे फोन खाली आले. थोड्या वेळाने मंडळी चहाकडे वळली. मी आणि मावशी तिथेच उभ्या राहिलो. ऊन चढलं तशी टिटवी उठली, धरणाकडे गेली आणि निथळत्या पोटाने परत येऊन त्याच जागी बसली.