आते कॉनीची तिसरी खेप

‘पाठवा’ असं लिहिलेलं बटण दाबलं की अर्ज जातो, एवढं सव्वीस वर्षांच्या माणसाला कळायला हरकत नव्हती. रॉमेल अबेनोहाला ते कळलं, पण अर्ज गेल्यावर.

जून महिना, दुपारचा दीड, अतिदक्षता विभागामागची जेवणाची खोली. समोर आते कॉनी भातावर अडोबोचा आंबट रस्सा ओतत होती. आते म्हणजे थोरली बहीण. स्टॉकटनच्या त्या हॉस्पिटलात निम्म्या नर्सेस फिलिपिनो, आणि ती त्या सगळ्यांचीच आते. कागदोपत्री कॉन्सोर्सिया दुमलाव, वय सत्तावन्न, मूळची फिलिपिन्समधल्या पंगासिनानची. याच विभागात सत्तावीस वर्षं काढलेली, त्यातली बारा वर्षं दिवसपाळीची प्रमुख म्हणून. तिनं रॉमेलला आपलं लायसन्स आणि ईमेलचा पासवर्ड दिला होता तो फक्त ‘त्या परीक्षेच्या अर्जात काय काय विचारतात ते बघून सांग’ एवढ्यासाठी.

“आते, झालं,” रॉमेल म्हणाला.

“काय झालं?”

“अर्ज... गेला. मंजुरी आली की नव्वद दिवसांत परीक्षा.”

आतेच्या हातातला चमचा डब्यात पडला. या बाईसमोर एका वेळी दोन पेशंटांची हृदयं बंद पडलेली रॉमेलनं पाहिली होती, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची माशी हलली नव्हती. आज मात्र ती ओठ पांढरे करून त्याच्याकडे बघत राहिली. मग डब्याला झाकण लावून, न जेवताच उठून गेली. आते जेवण टाकून उठली ही बातमी तासाभरात तिन्ही मजल्यांवर पोचली.

रॉमेलला कळेना, एवढं घाबरायचं काय त्यात. परीक्षा तर द्यायचीच होती. विभागाच्या मॅनेजर विल्कॉक्सबाईंनी फ्रीजवर नोटीस चिकटवली होती: तीस सप्टेंबरपर्यंत प्रत्येक पाळीप्रमुखाकडे अतिदक्षता नर्सिंगचं प्रमाणपत्र हवं, नाहीतर प्रमुखपद सोडावं. आणि ते नसलेली पाळीप्रमुख अख्ख्या विभागात एकच होती. सत्तावीस वर्षं लोकांना यमाच्या दारातून मागे ओढणाऱ्या बाईला दीडशे प्रश्न ते काय जड, असं रॉमेलला वाटलं. त्याच्याकडे ते प्रमाणपत्र होतं, आणि बॅज उलटा फिरला की तो लगेच सुलटा करायचा, म्हणजे नावापुढची त्या प्रमाणपत्राची अक्षरं दिसावीत.

शिवाय एक जुनं ओझं होतं. एप्रिलमध्ये भाचीच्या बाप्तिस्म्याला जायचं म्हणून त्यानं आतेला आपली रविवारची पाळी करायला लावली होती. तो रविवार अजून फेडायचा होता. त्यात हे बटण. म्हणून दुसऱ्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, “आते, मी शिकवतो तुम्हाला. आधी एक सराव परीक्षा देऊन बघा, कुठे आहोत ते कळेल.”

कळलं. शंभरात एकेचाळीस.

रॉमेलनं तीन वेळा मोजलं. कॉम्प्युटरच चुकला असेल म्हणून कागदावर मोजलं. पेशंटच्या खोलीच्या दारात उभं राहून ‘याला तासाभरात श्वासाची नळी घालावी लागणार’ असं सांगणारी, आणि जिचं सांगणं कधीही खोटं ठरलं नाही अशी बाई. एकेचाळीस! ज्या खांबाला टेकून दोन वर्षं काढली तो पुठ्ठ्याचा निघावा, तसं झालं त्याला.

“हसू येतंय का?” आतेनं विचारलं.

“नाही आते.”

“मग तोंड मीट. माशी जाईल.”

तिनं लॉकर उघडला. जास्तीच्या मोज्यांच्या खालून एक पाकीट काढून त्याच्यापुढे टाकलं. आत दोन पत्रं होती, एक दोन हजार चार सालचं, एक दोन हजार अकराचं. दोन्हींवर तेच: अनुत्तीर्ण. पहिल्या वेळी चार प्रश्नांनी, दुसऱ्या वेळी एकानं.

रॉमेलला आत्ता उलगडलं. म्हणजे आपण नुसता अर्ज नव्हता पाठवला, तिला तिसऱ्यांदा नापास व्हायला पाठवलं होतं.

“हे... कुणाला माहीत आहे?”

“माझ्या नवऱ्याला. तो गेला. आता तुला. तुलाही जायचं नसेल तर तोंड बंद ठेव.”

रोज दुपारी अर्धा तास शिकवणी सुरू झाली. आतेचा घोटाळा काय आहे ते दोन दिवसांत कळलं: ती प्रश्न सोडवत नसे, प्रश्नाशी भांडत असे.

“रक्तदाब उतरतोय, लघवी कमी झालीय. प्रथम काय कराल?” रॉमेल वाचायचा.

“जाऊन बघीन.”

“तो पर्याय नाहीये.”

“पाय गार आहेत का त्याचे?”

“लिहिलेलं नाही, आते.”

“बायको बरोबर आहे का? ती काय म्हणते?”

“आते, बायको नाहीये! प्रश्नात आहे तेवढाच माणूस.”

“एवढाच माणूस नसतो,” आते म्हणायची आणि चुकीचा पर्याय निवडायची.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते डबीवरून. पेशंटच्या मनगटातल्या धमनीत नळी असते, ती एका छोट्या डबीला जोडलेली, आणि ती डबी बरोबर हृदयाच्या पातळीत लावावी लागते. प्रश्न असा होता की डबी खाली घसरली तर मॉनिटरवर दाब कसा दिसेल.

“मी डबी वर लावीन,” आते म्हणाली.

“कसा दिसेल ते विचारलंय.”

“वर लावल्यावर बरोबर दिसेल.”

“आते! खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. हे तर पहिल्या वर्षाच्या पोरींना येतं.” रॉमेलनं चिठ्ठीवर ठळक लिहिलं, ‘डबी खाली, आकडा जास्त’, आणि ती आतेच्या लॉकरच्या आतल्या बाजूला चिकटवली. वर एक हसरा चेहराही काढला. त्या चेहऱ्याची त्याला पुढे फार लाज वाटली.

कारण जुलैतल्या एका मंगळवारी, सकाळी साडेदहाला, रॉमेल बेड सातच्या बाहेर खुर्चीवर बसून आतेसाठी नवे प्रश्न काढत होता. आत ट्रॅक्टर दुरुस्त करणारे ब्रँट नावाचे आजोबा होते. पित्ताशयातला जंतुसंसर्ग रक्तात गेलेला. पहाटे त्यांचा दाब फार खाली होता, आता मॉनिटरवर एकशे बारा. रॉमेल खुशीत होता.

आते फेरीवर आली. “कसे आहेत?”

“एकशे बारा, आते. दाब चढवायचं औषध कमी करायला घेतोय.”

आतेनं मॉनिटरकडे बघितलंच नाही. तिनं पांघरूण वर केलं. आजोबांच्या गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटली होती, रक्त पोचेनासं झालं की उमटते तशी. तिनं पायाच्या अंगठ्याला हात लावला, आणि मग ती खाली वाकली, पलंगाच्या कठड्याखाली. वर आली तेव्हा तिच्या हातात ती डबी होती. तासापूर्वी छातीच्या फोटोसाठी रॉमेलनं पलंग उंच केला होता, तेव्हा खाचेतून सुटून ती नळीला लोंबकळत राहिली होती.

आतेनं डबी छातीच्या बाजूला, जिथे असायला हवी तिथे धरली.

एकशे बाराचा ब्याऐंशी झाला.

रॉमेलला पुढचं सगळं लांबून ऐकू आलं. आते डॉक्टरला हाक मारत होती, सलाईन सोडत होती, कमी करायला घेतलेलं औषध वाढवत होती, आणि त्याला काय काय आणायला सांगत होती. तो आणत होता. हात काम करत होते, डोकं मात्र त्या आकड्यापाशीच अडकलं होतं. आणखी अर्धा तास तो त्या खोट्या एकशे बारावर विसंबून औषध उतरवत बसला असता. आजोबा सरळ गेले असते, आणि मॉनिटर शेवटपर्यंत छान छानच म्हणत राहिला असता.

बाराच्या सुमाराला गुडघ्यांवरची जाळी फिकट झाली. आतेनं रॉमेलला हात धरून बाहेर नेलं. आता बोलणी बसणार म्हणून त्यानं मान खाली घातली.

“डबी खाली,” आते म्हणाली आणि थांबली.

“आकडा जास्त,” तो म्हणाला.

“चूक झाल्याचा फॉर्म तू भर. सही मी करते.” मग तिच्या कपाळाला आठी पडली. “पण थांब. तो प्रश्न ह्याच्याबद्दल होता होय?”

“म्हणजे?”

“अरे शहाण्या, मग तसं सांगायचं ना! तू नुसती डबी डबी करत होतास. डबीला कोण चिकटलंय ते कुणी सांगितलंच नाही मला.”

महिनाभर रॉमेल या बाईला नुसतं पाठ करायला लावत होता.

त्या दिवसापासून शिकवणी उलटी झाली. रॉमेल प्रश्न वाचायचा, आणि आते आधी डोळे मिटून त्या प्रश्नाला पलंग शोधायची. “हा बेड तीनवाला ट्रक ड्रायव्हर. दोन हजार नऊ. पोटॅशियम वाढलं होतं.” “ही ती शिक्षिका, जिचा मुलगा रोज गिटार आणायचा.” सत्तावीस वर्षांतली माणसं एकेक करून जेवणाच्या खोलीत यायला लागली. त्यांतली बरीच वाचलेली होती, काही नव्हती. जी नव्हती वाचली त्यांचे प्रश्न आते कधीच चुकायची नाही. हे लक्षात आलं त्या दिवशी रॉमेलनं पुस्तक मिटलं आणि लुंपियाच्या तळलेल्या सुरळ्यांचा डबा तिच्यापुढे सरकवला, दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

सराव परीक्षेत अठ्ठावन्न. चौसष्ट. एकदा घसरून पंचावन्न. मग बहात्तर.

परीक्षा ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी, सकाळी आठला. निकाल तिथल्या तिथे मिळतो. आतेनं सांगितलं होतं, बाहेर आल्याबरोबर फोन करते. अकरा वाजले, साडेअकरा झाले. बाराला रॉमेलनं फोन केला तर बंद. एक वाजता त्यानं जेवणाचा डबा उघडला आणि न खाताच मिटला. विल्कॉक्सबाई दोनदा येऊन काही न विचारता परत गेल्या. एकानं हुकलेलं ते दुसरं पत्र रॉमेलच्या डोळ्यांपुढून हलेना. तिसरं पत्र आलं तर ते आपण, स्वतःच्या बोटानं, पाठवलेलं.

दोन वाजता आते आली. फुलाफुलांचा ब्लाउज, हातात पर्स, चेहरा तोच, जूनमधला, पांढरा. रॉमेल उठून पुढे गेला.

“आते...”

तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढून त्याला दिला. रॉमेलनं वाचला. परत वाचला. उत्तीर्ण. लागत होते त्यापेक्षा दोन जास्त.

“मग फोन का नाही केलात?” तो ओरडलाच.

“गाडीत बसले होते. दीड तास. खरं वाटेना.” तिनं खुर्ची ओढली. “डबीचा प्रश्न आला होता.”

“आणि?”

“अर्धं मिनिट ‘डबी वर लाव’ कुठे लिहिलंय ते शोधत होते. मग तुझे ब्रँटआजोबा दिसले.”

विल्कॉक्सबाईंनी फ्रीजवरची नोटीस काढली. आतेनं लॉकरमधलं जुनं पाकीट काढलं, नवा कागद त्याच पाकिटात सगळ्यात वर ठेवला आणि पाकीट परत मोज्यांखाली सरकवलं. हसऱ्या चेहऱ्याची चिठ्ठी तिनं काढली नाही. रॉमेलनं काढायला हात पुढे केला तर त्यावर फटका बसला.

मग ती भिंतीवरच्या पाळ्यांच्या तक्त्यापाशी गेली. येत्या रविवारच्या रकान्यात, प्रमुख म्हणून, तिचंच नाव होतं.

“आते, हा रविवार मी करतो,” रॉमेल म्हणाला. “एप्रिलचा राहिलाय ना माझ्याकडे. तुम्ही झोप काढा.”

“प्रमाणपत्र मिळाल्यावरचा माझा पहिला रविवार, आणि तो तुला देऊ?” आतेनं आपल्या नावावरून बोट फिरवलं. “तुझा उधार राहू दे. मागीन तेव्हा दे.”