म्हशीच्या पसंतीचा सायलेन्सर

आमच्या म्हशीला माझी मोटारसायकल आवडत नाही, असं आमच्या घरी एकमतानं ठरलं होतं. म्हशीला कोणी विचारलं नव्हतं. मलाही कोणी विचारलं नव्हतं, पण त्याची मला सवय आहे.

गाडी मी पूर्ण विचार करून घेतली होती (हे वाक्य मी घरात म्हटलं की सगळे उठून जातात). सौंसरला माझी मास्तरकी, लोधीखेड्याच्या रस्त्याला घर आणि संत्र्याचा बगीचा, मधे नाला. डांबरी रस्त्यावर सभ्यपणे चालेल आणि पांदणीच्या चिखलातूनही निघेल, अशी दोन्हीकडची गाडी मला हवी होती. लहान, उंच, हलकी. नागपूरच्या एका तरुणाकडे तशी जुनी मिळाली. त्यानं आपल्या हौसेनं तिला एक जाडजूड सायलेन्सर बसवून घेतला होता. त्या वस्तूला सायलेन्सर कोणत्या तोंडानं म्हणायचं, हा प्रश्नच होता! गाडी सुरू केली की आमच्या स्वयंपाकघरातल्या बशा एकमेकींशी भांडायला लागत.

मला त्या आवाजाचा काही त्रास नव्हता. त्रास होता माझ्या बायकोला, मंदाला, आणि तिच्या मते चंद्रीला. चंद्री म्हणजे आमची म्हैस. ती मंदाच्या माहेरून आलेली आहे, आणि माहेरून आलेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल आमच्या घरात वाईट बोलता येत नाही (यात मंदाचा धाकटा भाऊ प्रभाकरही येतो). त्या उन्हाळ्यात चंद्रीचं दूध जरा कमी झालं. ऊनच असं होतं की विहिरीचं पाणीही कमी झालं होतं. विहिरीचा दोष मात्र माझ्या गाडीला कोणी दिला नाही, एवढे उपकार!

"तुमच्या फटफटीनं घाबरते ते," मंदा म्हणाली.

"म्हैस घाबरते? अवं, तिच्यासमोर ट्रक आला त ट्रक थांबते!"

"मुकं जनावर आहे. सांगाले येत नाही तिले."

"म्हणून तिच्या वतीनं तू सांगून राहिली का?"

हे मी बोलायला नको होतं. मंदानं दुधाची बादली खाली ठेवली आणि निकाल दिला. "आवाज बंद करा. नाही त ते गाडी प्रभाकरले देऊन टाका."

आता हा प्रभाकर पांढुर्ण्याला राहतो. माझ्या गाडीवर त्याचं पहिल्या दिवसापासून मन होतं. घरी आला की आधी गाडीची सीट हातानं पुसायचा, मग बहिणीची विचारपूस. आणि शांत सायलेन्सर निवडायला माझ्यासोबत कोणाला पाठवावं? प्रभाकरला! कारण काय, तर त्याला गाड्यांतलं कळतं. चोराला तिजोरीतलं कळतं म्हणून कोणी त्याला कुलूप घ्यायला सोबत नेतं का?

पांढुर्ण्याच्या दुकानात मी माझ्या अटी सांगितल्या. आवाज नको. नळी वरून गेली पाहिजे, म्हणजे नाल्याचं पाणी आत शिरणार नाही. आणि मागे बसणाऱ्या मंदाच्या पायाला चटका लागता कामा नये. दुकानदार ऐकत होता आणि प्रभाकर मान हलवत होता. नाही म्हणण्याच्या दिशेनं.

"भाऊजी, असा सायलेन्सर बनतच नाही. पावर मरते गाडीची."

"मरू दे. मी रेस लावाले नाही जाऊन राहिलो. म्हशीच्या खाण्याची ढेप आणाले जाऊन राहिलो."

दुकानदार हसला. म्हणाला, "सरजी, अपने यहाँ टेस्टिंग की गॅरंटी है. आमचे बाबूजी दुपारी मागं झोपतात. सायलेन्सर लावतो, गाडी चालू करतो. बाबूजी उठले त फेल, नाही उठले त पास."

मी शिकलेला माणूस. ही काय पद्धत झाली, असं मला म्हणता आलं असतं. पण माझी उत्सुकता मास्तरकीपेक्षा मोठी निघाली. पहिल्या सायलेन्सरला बाबूजी उठून बसले आणि "पोलीस आली का बे?" म्हणाले. दुसऱ्याला त्यांनी कूस बदलून मुलाच्या नावानं काहीतरी पुटपुटलं. तिसरा लांबट, काळा, पोट फुगलेला. त्याला बाबूजींचं घोरणं जराही चुकलं नाही. उलट गाडीचा आवाज आम्हाला त्या घोरण्यात शोधावा लागला!

"हाच द्या!" मी ओरडलो. बाबूजी दचकून उठले. (माझ्या ओरडण्यानं. सायलेन्सर निर्दोष होता.)

जुना सायलेन्सर दुकानदारानं तिथल्या तिथे बैतूलकडच्या एका उत्साही गिऱ्हाइकाला देऊनही टाकला. मला वाईट वाटलं नाही. प्रभाकरचं तोंड पडलं होतं, आणि ते पाहत मी घरापर्यंत आलो.

पण सुख मानवेल तर तो मी कसला! गाडी इतकी शांत झाली की ती चालू आहे की बंद, हे मलाच कळेना. चालू गाडीला मी पुन्हा स्टार्टर मारायचो आणि ती 'खर्रर्र' करून माझ्यावर खेकसायची. शनिवारी मंदाला घेऊन जामसांवलीला गेलो. तिथला मारुती निजलेला. मंदा खूश होती. "पहा, निजल्या देवाच्या दारात आपली गाडी कशी सोभून राहिली!" आम्ही रांगेत उभे राहिलो, दर्शन घेतलं, नारळ फोडला, प्रसाद खाल्ला आणि निवांत बाहेर आलो. गाडी तेवढा सगळा वेळ चालूच होती! किल्ली फिरवायचं मी विसरलो होतो, आणि आठवण करून द्यायला आवाज नव्हता. आम्ही बसलो, थोडं पुढे गेलो आणि पेट्रोल संपलं.

मी गाडी ढकलत होतो. मंदा प्रसादाची पिशवी घेऊन मागे चालत होती.

"देवाले काय मागतलं होतं तुम्ही?"

"गाडी शांत राहू दे म्हणून."

"मंग आयकलं ना त्यानं."

हेही मी सहन केलं. कारण त्या दिवसापर्यंत मला एक आशा होती, की निदान चंद्री तरी खूश असेल. पण चंद्रीनं पान्हा सोडणंच बंद केलं! आधी दूध कमी होतं, आता थेंब नाही. मंदानं कास धुतली, पाठ थोपटली, माहेरची गाणी म्हटली. चंद्री समोरची ढेप खात होती आणि दाराकडे पाहत होती.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी रोज संध्याकाळी सौंसरहून सरकीची ढेप त्या गाडीवर आणायचो. नाल्यापासूनच गाडीचा आवाज गोठ्यात ऐकू यायचा, आणि ढेप आली हे ओळखून चंद्री मी फाटकात पोचेपर्यंत पान्हा सोडून तयार असायची. म्हणजे माझ्या गाडीला घाबरणं तर सोडाच, माझ्या गाडीवाचून तिचं चालत नव्हतं! आमच्या घरात माझी वाट पाहणारं जे एकमेव माणूस होतं (म्हैस होती), तिला मीच फसवलं होतं.

"पाहिलं?" मी मंदाला म्हणालो. "तिले आवाज पाहिजे होता!"

मला वाटलं, आता ही माझी माफी मागेल. मंदा म्हणाली, "मंग बंद कायले केला?"

अहो, बंद कोणी करायला लावला? कोणाच्या हुकमावरून बाबूजींची झोपमोड केली? पण न्याय वगैरे गोष्टी शाळेत फळ्यावर लिहायच्या असतात. "आवाज करा," मंदानं नवीन निकाल दिला, "नाही त ते गाडी प्रभाकरले देऊन टाका!"

म्हणजे आवाज केला तरी प्रभाकर आणि नाही केला तरी प्रभाकर! आणि तोही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हजर. हातात स्वतःचं हेल्मेट. बसनं आला होता, म्हणजे परत जायचं कशावरून हे त्यानं ठरवूनच ठेवलं होतं.

त्यानं आधी मदत केल्यासारखं केलं. मोबाइलवर कोणाच्या तरी गाडीचा आवाज लावून चंद्रीच्या कानाशी धरला. चंद्रीनं मान झटकली आणि मोबाइल शेणात गेला. (मला फार बरं वाटलं. ते मी लपवलंही नाही.) मोबाइल पुसून झाल्यावर तो म्हणाला, "भाऊजी, आता काही इलाज नाही. किल्ली देऊन टाका."

माझं डोकं फिरलं. मी बादलीशेजारी उभा राहून ओरडलो, "काय करू मंग मी? मीच गाडी होऊ का? असा करू का आवाज? फट्-फट्-फट्-फट्-फट्!"

चंद्रीनं कान टवकारले. मंदानं हात लावला, आणि बादलीत धार वाजली.

"अहो, थांबू नका!" मंदा किंचाळली.

मी थांबलो नाही. चंद्रीचं दूध निघेपर्यंत मी फटफटत राहिलो. प्रभाकर हेल्मेट काखेत धरून बसस्टॉपकडे गेला, आणि गाडी माझी राहिली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी शांत गाडीवर शांतपणे घरी येतो, गोठ्यात जातो आणि कामाला लागतो. परवा धार काढताना सासूबाईंचा फोन आला. मंदाचे हात गुंतलेले, म्हणून फोन स्पीकरवर खुंटीला टांगलेला.

"काय वं मंदे," सासूबाई म्हणाल्या, "जावयानं तो सायलेन्सर अजून नाही बदलवला का?"

"बदलवला ना वं आई. गाडी चूप झाली. आता हेच बोंबलतात."

मी संतापून थांबलो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्याबद्दल असं कोणी बोललं नव्हतं. सासूबाईंना काय ते एकदाचं सुनावायचं म्हणून मी तोंड उघडलं, तर बादलीतली धार थांबली. मंदा आणि चंद्री, दोघींनी एकदमच मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी राग गिळला आणि दुसरा गियर टाकला.